छत्तीसची कंबर

आमच्या ह्यांची कंबर छत्तीस. लग्नात छत्तीस होती, मुलगा झाला तेव्हा छत्तीस होती आणि मागच्या दिवाळीपर्यंत छत्तीसच होती. पोट तेवढं दरवर्षी वाढत गेलं. पण पोटाचा आणि कमरेचा काही संबंध असतो, असं आमच्या घरात कुणी मानत नव्हतं. पोट वर, कंबर खाली. शेजारी-शेजारी राहणारी दोन माणसं असावीत तशी. एकानं माडी चढवली म्हणून दुसऱ्याचं घर काही मोठं होत नाही.

ह्यांच्याकडे पुरावे दोन होते. पहिला म्हणजे पँट. पँटच्या आतल्या चिठ्ठीवर छत्तीस लिहिलेलं असतं आणि ते हे कुणालाही उलटून दाखवतात. पँट घालतात ती पोटाच्या खाली, बटण कुठे लागलं ते त्यांना स्वतःला दिसत नाही. हातानं चाचपून लावतात.

दुसरा पुरावा करदोडा. आमच्याकडे पुरुष कमरेला काळा दोरा बांधतात, तो करदोडा. शेजारच्या तेलुगू अम्मा त्याला मोलताडू म्हणतात, त्यांच्याकडेही असतो. आमच्या घरची रीत अशी की नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की जुना कापायचा आणि नवा बांधायचा. लहानपणी आई बांधते, लग्नानंतर बायको. त्याची एक गाठ असते, ती सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला शिकवली. ती सुटत नाही, कापावीच लागते. ह्यांना ती आजवर जमली नाही. त्यांनी मारलेली गाठ जेवणाच्या पहिल्या ढेकरेला सुटते.

दोरा इथे हैदराबादच्या अफझलगंज बाजारातून आणायचा. दोन हात आणि वर गाठीला चार बोटं. इतक्या वर्षांत त्यात एक बोट वाढवावं लागलं नाही. मी स्वतः बांधत होते, त्यामुळे मलाही तो पुरावा पक्का वाटायचा. दोरा कशाला खोटं बोलेल?

हे अफझलगंजातच सुक्या मेव्याच्या दुकानात आहेत, मिसरूड फुटल्यापासून. तिथली कामाची पद्धत अशी की गिऱ्हाईक आलं की आधी आपण एक अंजीर तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे, मग दुसरं गिऱ्हाइकापुढे धरायचं. विकणाराच खातोय म्हटल्यावर घेणाऱ्याला भरवसा वाटतो. दिवसाला जेवढी गिऱ्हाइकं, तेवढी अंजिरं. शिवाय काजू, शिवाय पिस्ते. लग्नसराईत तर हे संध्याकाळी घरी येऊन "आज दमलो" म्हणायचे, आणि मला कळायचं की खाऊन दमले आहेत.

मोठे भावजीही त्याच दुकानात होते. ह्यांचे थोरले भाऊ. तसंच पोट, तशीच पँट, तसंच डोळे मिटून अंजीर खाणं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी चहा मागवला आणि चहा यायच्या आत गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. चहा आणणाऱ्यानं चहा तसाच तिथे ठेवला होता, ह्यांनी मला एवढंच सांगितलं. 

गेल्या दिवाळीनंतर, मार्गशीर्षात हे अठ्ठावन्नचे व्हायचे होते.

मला ते कॅलेंडरकडे बघितलं की आठवायचं. पण सांगणार कसं? मी तशी बोलणारी बाई नाही. चार माणसांत मला तोंड उघडायला जमत नाही, एका माणसासमोरही कमीच जमतं. चौथीपर्यंत शिकले. वर्गात उत्तर येत असलं तरी बाई दुसरीकडे बघेपर्यंत मी पाटीत मान घालून बसायची. आणि हे डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "माणूस डॉक्टरकडे गेला की रोग सापडतो. नाही गेला तर कुणाला सापडणार?"

माझ्या लाजण्याचं अजून एक सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी आजवर शिंप्याला अंगाचं माप दिलेलं नाही. मापाचा म्हणून एक ब्लाउज आहे, तो पिशवीत घालून पाठवायचा. बरकतपुऱ्यातले आमचे मास्टर म्हातारे झाले, तो ब्लाउजही म्हातारा झाला. मध्यंतरी ते म्हणाले, "अम्मा, अब इसकू छुट्टी देव. और आप वैसेच हैं क्या, जैसे इसमें थे?" मी पिशवी उचलून घरी आले आणि पुढचा ब्लाउज शिवलाच नाही.

तर अशा घरात सूनबाई आली. पुण्याची. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, अर्धा आठवडा घरूनच काम करते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप असतो, एका बाजूला मी शेंगा निवडते, दुसऱ्या बाजूला ती इंग्रजीत कुणाला तरी झापते. मुलगी चांगली आहे. लाजणं म्हणजे काय ते तिला माहीत नाही. मला आधी भीती वाटायची, आता हेवा वाटतो.

तिच्या कंपनीनं सगळ्यांना तब्येतीबद्दल काहीतरी शिकवलं आणि सोबत एक टेप दिली. ती टेप घेऊन ती धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ह्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, हात वर करा."

"कशाला? चोर आहे का मी?"

"कंबर मोजायचीय."

"छत्तीस," हे म्हणाले आणि पेपरमध्ये डोकं घातलं.

"ते पँटचं, बाबा. कंबर मोजायची ती बरगडी संपते आणि खालचं हाड सुरू होतं त्याच्या मधोमध. बेंबीच्या आसपास."

"बेंबी पोटावर असते. कंबर करदोड्यावर असते. तुमच्या पुण्यात काय वेगळी असते?"

"हैदराबादला सुद्धा तिथेच असते! तुम्ही खाली ढकललीय."

"मी नाही ढकलली. देवानं ठेवलीय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "विचार तुझ्या सासूला. दरवर्षी बांधते. दोन हात आणि चार बोटं. काय गं?"

मी मान हलवली. खोटं नव्हतंच ते.

सूनबाई माझ्याकडे वळली. तिनं मला समजावून सांगितलं, मी चकल्या तळत असताना. वजन किती यापेक्षा चरबी कुठे आहे ते महत्त्वाचं. पोटावरची चरबी आत काळजाला, लिव्हरला त्रास देते. त्यातून साखर, त्यातून बीपी. म्हणून कंबर मोजायची, मग सीट मोजायची, आणि कमरेच्या आकड्याला सीटच्या आकड्यानं भागायचं.

"सीट म्हणजे?"

तिनं हातानं दाखवलं. मी चटकन झाऱ्याकडे बघितलं. त्या जागेला मराठीत शब्द आहेत, पण मला सुनेसमोर एकही उच्चारता आला नसता. सीट बरं. बसमध्येही असते.

"पण कंबर लहान आणि सीट मोठी, मग भागणार कसं?" मी विचारलं. भागाकार मला येतो, पण मोठ्याला लहानानं. लहानाला मोठ्यानं भागायची वेळ यायच्या आधीच शाळा सुटली.

ती हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "आई, सोप्पं सांगते. पुरुषाचं पोट त्याच्या सीटपेक्षा लहान हवं, चांगलं लहान. बरोबरीला आलं की काळजी करायची. पुढे गेलं की सरळ डॉक्टर."

"आणि बायकांचं?"

"बायकांचं अजून लहान हवं."

मी पदर ओढून घेतला.

चतुर्दशीला पहाटे उटणं, अंघोळ झाली. मी करदोड्याची गाठ कापली, नवा बांधला. हे जुना दोरा हातात घेऊन उघड्या अंगानं तसेच दिवाणखान्यात गेले आणि झोपेतून उठलेल्या सुनेपुढे तो धरला. "मोज!"

तिनं डोळे चोळत मोजला. साडेछत्तीस.

"छत्तीस म्हणालो होतो. वरचा अर्धा इंच गाठीचा!"

"बाबा, हा पोटाखालचा..."

"लेखी पुरावा आहे हा!" हे म्हणाले. दोऱ्यावर काही लिहिलेलं नसतं, पण कोण बोलणार? मुलगा हसत अंघोळीला पळाला. हे त्या दिवशी एवढे खुशीत होते की फराळाला दोन करंज्या जास्त खाल्ल्या आणि शेजारच्या अम्मांना दारातूनच सांगितलं, "अपनी कमर छत्तीस निकली!" त्या म्हणाल्या, "अच्छा हुआ." त्यांना वाटलं काही नोकरीची बातमी असेल.

दुपारी सगळे आडवे झाले. जुना दोरा तुळशीच्या मुळाशी ठेवायचा असतो. तो घेऊन मी गॅलरीत गेले आणि वाकले, आणि तशीच थांबले.

मोठ्या भावजींची बायको आधीच गेलेली. म्हणून दरवर्षी दोरे मीच आणायची, दोन. एकाच लडीतले. ह्यांचा दोन हात चार बोटं, भावजींचा दोन हात चार बोटं. भावजी हसत म्हणायचे, "आमच्या घराण्याची कंबर एकच." शेवटच्या दिवाळीचा दोराही तेवढाच होता. तो त्यांना नीट बसला होता.

मग दोरा सांगतो तरी काय?

मी आत आले. हे दिवाणावर उताणे झोपले होते. बनियन वर सरकलेलं. पोट वर जात होतं आणि थोडं थांबून खाली येत होतं. सून म्हणाली होती ती जागा मी नजरेनं शोधली, बरगडीच्या खाली, हाडाच्या वर. ती जागा मी इतक्या वर्षांत कधी अशी टक लावून पाहिली नव्हती. ह्यांच्या अंगाखालून दोरा घालणं शक्य नव्हतं, ते काम दोन हमालांचं. म्हणून मी दोरा दुमडून अर्धा केला. एक टोक ह्या कुशीला गादीपाशी दाबलं आणि दुसरं पोटावरून पलीकडच्या कुशीला न्यायला लागले. अर्धा दोरा अर्ध्या कमरेला पुरायला हवा, एवढं गणित चौथीतलंच.

दोरा पोट चढला. चढला, माथ्यावर पोहोचला, पलीकडे उतरायला लागला आणि मध्येच संपला. मी बोटं लावली. तीन बोटं कमी. अर्ध्याला तीन म्हणजे सगळ्याला सहा.

"काय करतेस?" ह्यांनी डोळे उघडले.

"माशी होती."

"दोऱ्यानं मारतात माशी?"

मी स्वयंपाकघरात निघून आले. तिथे टेबलाशी सूनबाई होती. दारातून तिला सगळं दिसलं होतं. ती तोंडावर ओढणी दाबून इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी. मग माझं तोंड पाहिलं आणि हसायची थांबली.

"किती?" तिनं हळूच विचारलं.

मी सहा बोटं दाखवली. आणि मग मार्गशीर्षाचं सांगितलं. एवढं लांब वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

दिवाळीनंतरच्या रविवारी नल्लकुंट्याला देवळाच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर होतं. बीपी, साखर, वजन, सगळं. सूनबाईनं जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "जाऊ की." आम्ही दोघी चकित. मग त्यांनी भात कालवत पुढचं सांगितलं. "एका अटीवर. आधी तुझ्या सासूनं माप द्यायचं. तिनं दिलं की मी देतो."

मुलगा म्हणाला, "बाबा, हे चीटिंग आहे."

"कसलं चीटिंग? तिनं शिंप्याला माप दिलेलं नाही कधी. तिची लाज तशीच राहू दे, आणि माझी कंबर तशीच राहू दे. काय गं, बरोबर ना?"

ते मला चिडवत होते, वाईट हेतू नव्हता. पण त्यांनी माझ्या लाजेच्या मागे लपायला जागा करून घेतली, हे मला कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्या मागे लपत होते, आता ते माझ्या. आणि त्यांचं अंग लपण्याजोगं राहिलेलं नव्हतं.

"देईन," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मग मात्र ह्यांचा घास हातातच राहिला.

रविवारी मी चांगली सुती साडी नेसले आणि देवाला सांगितलं की आज गर्दी कमी असू दे. देवाचाच हॉल होता, त्यामुळे गर्दी जास्त होती. बायकांची मापं घ्यायला एका कोपऱ्यात पोपटांच्या चित्रांची चादर बांधली होती. आत एक जाडजूड नर्सबाई, बाहेर आकडे लिहून घेणारी मुलगी.

"अम्मा, साडी थोडी नीचे करो. कमर में क्या है, निकालो."

मी काढलं. किल्ल्यांचा जुडगा. बटवा. रुमाल. दोन सेफ्टीपिना. लवंगांची पुडी. आणि बटव्यात बसेना म्हणून वेगळी खोचलेली ह्यांच्या घड्याळाची तुटलेली चेन, ती दुरुस्तीला द्यायची होती.

"अम्मा," नर्सबाई म्हणाली, "पूरी दुकान कमर में रख लिए! अब शरमाओ नक्को, सांस छोडो."

टेप थंड होती. मी डोळे मिटून चादरीवरच्या पोपटांचा विचार केला. दोन क्षणांत झालं. मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी मी तो ब्लाउज इतकी वर्षं जपला?

तेवढ्यात नर्सबाई चादरीबाहेर ओरडली, "एनभै एनिमिदि!"

अठ्ठ्याऐंशी. तेलुगू आकडे मला येतात, भाजीवाल्यांमुळे. त्या हॉलमधल्या बाकी सगळ्यांनाही येत होते.

"अस्सी के अंदर होना, अम्मा," नर्सबाई हळू आवाजात म्हणाली. जे हळू सांगायचं होतं ते आधीच ओरडून झालं होतं.

मी बाहेर आले तर ह्यांचा चेहरा दिवाळीसारखा. "आठ जास्त! काटकी म्हणतात हिला सगळे, आणि आठ जास्त! सूनबाई, सासूला बघ आधी, सासूला!" सूनबाई मोबाइलवर माझा भागाकार करून बसली होती. तिनं तो मला दाखवला आणि ओठ चावला. मी हातानं काटकी, पायानं काटकी. सगळं जे होतं ते मध्ये, साडीच्या घड्यांत आणि किल्ल्यांमागे जमा होत गेलेलं. मला स्वतःला पत्ता नव्हता.

मग ह्यांची पाळी. पुरुषांसाठी चादर नव्हती. हे छाती काढून उभे राहिले आणि नर्सबाईला म्हणाले, "छत्तीस लिखो. टाइम बचेगा."

"शर्ट ऊपर करो, साहब."

ह्यांनी शर्ट वर केला आणि श्वास आत ओढला. ते पोट कुठे गेलं मला अजून कळलेलं नाही. छातीत गेलं, खांद्यात गेलं, थोडं गालांत गेलं. माणूस वरून रुंद आणि मध्ये अरुंद झाला. नर्सबाईनं टेप गुंडाळली आणि थांबली.

"सांस छोडो."

"छोड्या," हे म्हणाले, ओठ न हलवता.

"साहब, छोडो."

"छोड्या बोला ना."

चेहरा लाल झाला, मग त्याहून गडद. रांगेतले लोक बघायला लागले. सून म्हणत होती, "बाबा, प्लीज." मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा. नर्सबाईच्या मागे अजून पन्नास माणसं होती, ती आता असेल तो आकडा लिहून मोकळी होणार हे दिसत होतं. तो आकडा छत्तीसच्या जवळपासचा असता. मग आयुष्यभर शिबिराचा शिक्का असलेली छत्तीसची कंबर. आणि मार्गशीर्ष दारात.

माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं. "अहो, यंदा अंजीर कसं आलंय?"

 ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्यांना सगळं कळलं. पण अंजिराबद्दल कुणी विचारलं आणि ते गप्प बसले, असं आजवर झालेलं नाही. ते त्यांच्या हातात नाही.

"यंदा?" ते म्हणाले, आणि एवढ्या एका शब्दाबरोबर पोट खाली उतरलं, शांतपणे, आपल्या जागी येऊन बसलं. "यंदा माल मोठा आहे, पण गोडी कमी. मागच्या वर्षीचं बारीक होतं, पण तोंडात टाकलं की..."

"नूट नालुगु!" नर्सबाई ओरडली.

"...विरघळायचं. काय? एकशे चार? हा काय ताप आहे?"

"सेंटीमीटर, साहब. कमर."

"आणि सीट?" सूनबाईनं विचारलं. नर्सबाईनं टेप खाली सरकवली. एकशे एक.

सुनेनं मोबाइल काढला नाही. ह्या भागाकाराला मोबाइल लागत नव्हता. "बाबा, पोट पुढे गेलं," ती एवढंच म्हणाली.

टेबलापलीकडे एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बीपी पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि ह्यांना म्हणाल्या, उद्या सकाळी काही न खाता रक्त द्या, हृदयाचा कागद काढून घ्या, टाळू नका. हे हसले. "दिवाळीचं खाल्लंय ना मॅडम, म्हणून. महिन्याभरानं देतो."

मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. एकदा तोंड उघडलं होतं, ते बंद व्हायच्या आत म्हणून टाकलं, ह्या वेळी हळू. "मोठ्या भावजींचा करदोडाही दोन हात चार बोटांचाच होता. मीच आणायची."

ते हसायचे थांबले. शर्ट खाली ओढला, एक बटण चुकीच्या काजात गेलं.  घरी येईपर्यंत रिक्षात मी त्या बटणाकडे बघत राहिले, पण नीट करायला हात पुढे केला नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे कपडे करून बसले होते. चहा नाही, काही नाही. "चल," म्हणाले, "एकटा जायचं मला जमायचं नाही."

साखर होती, चांगली मुरलेली. बीपी होतं. हृदयाचा कागद बरा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि सुका मेवा मोजून खा म्हणाल्या. हे म्हणाले, "मॅडम, ती माझी नोकरी आहे." ह्यांनी ती गोष्ट मनावर घेतली मात्र. आता दुकानात अंजीर आधी गिऱ्हाइकाला देतात आणि गिऱ्हाईक खात असताना त्याच्या तोंडाकडे असं बघतात की ते ओशाळून अर्ध्या किलोच्या जागी एक किलो घेतं. शेठ खूष आहेत.

मार्गशीर्ष आला. अठ्ठावन्न झाले. त्या दिवशी मी गोड केलं नाही, नुसती दुधी भोपळ्याची भाजी. कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी हे दोऱ्याची नवी लड घेऊन आले. म्हणाले, "टेपचं मला काही कळत नाही. सेंटीमीटर कुणी बघितलाय? तू दोराच बांध. सून म्हणते त्या जागी." आणि शर्ट वर करून उभे राहिले. श्वास पूर्ण सोडून. मी मोजून तीन हात दोरा घेतला होता, उरलेला कापला, आणि बेंबीवरून बांधला, सासूबाईंच्या गाठीनं. खाली जुना करदोडा, वर हा नवा. म्हणजे तो सैल होऊन खाली सरकला की समजायचं.

"आता तू," ते म्हणाले.

"इश्श! बायका बांधतात का करदोडा?"

"आठ जास्त होते की नाही? उभी राहा."

दार लावलं होतं. त्यांनी खूप वेळ घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्या गाठीपायी त्यांचे कान लाल झाले होते आणि माझेही. सूनबाईनं बाहेरून विचारलं, "आई, आत काय चाललंय?" हे म्हणाले, "माशी आहे!"

तेव्हापासून सकाळी बरकतपुऱ्याच्या पार्कात आम्ही दोघं चालतो. हे पुढे, मी दोन पावलं मागे, मग ते थांबतात आणि मी पुढे. कुणाला माहीत नाही की आमच्या दोघांच्या कपड्यांच्या आत काळे दोरे आहेत. मुलाला माहीत नाही. हे मी इथे लिहिते आहे, कारण त्याला मराठी वाचायचं तर अक्षर-अक्षर जुळवावं लागतं, आणि ह्यांना चष्मा सापडत नाही. सूनबाईला वाचता येतं, पण तिला सगळं आधीच ठाऊक असतं.

माझा दोरा आधी सैल झाला, दहा-बारा दिवसांतच. मी इतकी हरखले की ह्यांना सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "मी बांधतानाच सैल बांधला होता. घट्ट ओढायला धीर झाला नाही." मग परत बांधून घ्यावा लागला. ह्या वेळी गाठ मी त्यांना शिकवली.

त्यांचा दोरा काही हलेना. संक्रांत गेली, होळी आली. मी रोज विचारायची नाही, पण कपडे वाळत घालताना बनियनकडे बघायची. मग परवा अंघोळ करून ते बाहेर आले आणि आरशासमोर उभे राहून म्हणाले, "हे बघ."

वरचा दोरा घसरला होता. बेंबीवरून उतरून खालच्या करदोड्याला टेकला होता.

मी जवळ गेले. पदराला हात पुसले आणि गाठ बोटानं चाचपून पाहिली.

"काय बघतेस?" ते म्हणाले.

गाठ माझीच होती, कुणी सोडून सैल बांधलेली नव्हती. खात्री करायला मी ती पुन्हा एकदा पाहिली.